कोल्हापूरचा मुक्काम आणि गावची बाटली

वाचकहो, भात-भुईमूग घरात आला, सोयाबीन विकून झाले आणि उसाला अजून तोड मिळायची आहे, असे दिवस आले की आपल्या शेतकऱ्याच्या घरात देवाला जाण्याचे बेत सुरू होतात. घरातल्या बायामाणसांनी वर्षभर राबलेले असते. त्यांच्या तोंडून शब्द निघायचा अवकाश, की गडीमाणसेही पिशव्या भरू लागतात. असाच आमचाही बेत गेल्या नोव्हेंबरात ठरला. माझी धाकटी बहीण, तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, त्यांचा सहा वर्षांचा नातू, मी आणि आमच्या घरातली मंडळी, असे सारे कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघालो. दाजींचे गाव वाळवा तालुक्यात, शेती उसाची. आयुष्यभर कष्ट केलेला माणूस, पण पायाला उसंत मिळाली की त्यांना करमत नाही.

कोल्हापूर मला परके नाही. तिथल्या कृषी महाविद्यालयात मी बी.एस्सी. केले. १९६३ सालचे हे महाविद्यालय, आणि त्यातून शिकून गेलेले माझ्यासारखे कितीतरी कृषी अधिकारी आज खेड्यापाड्यांत काम करताहेत. पण विद्यार्थी म्हणून पाहिलेले कोल्हापूर वेगळे आणि बहिणीचे बोट धरून पाहिलेले वेगळे. आम्ही मुद्दाम किरणोत्सवाचा दिवस धरून गेलो होतो. अंबाबाईची मूर्ती पश्चिमेकडे तोंड करून आहे. नोव्हेंबरात ९, १०, ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे महाद्वाराकडून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीवर, मग मुखावर. ढग आले किंवा हवेत धूसर असले तर किरणे मध्येच विरतात. आम्ही गेलो त्या दिवशी आभाळ निरभ्र होते. किरण आत सरकत गेले तसा गर्दीतला गलका शांत झाला. आमची बहीण डोळे पुसत होती. दाजी एवढेच म्हणाले, "पाव्हणं, ऊन तेच, पण इथं बघायला आलं की येगळं वाटतं."

तिथून महाद्वार रोडने फिरत कपिलतीर्थाच्या मंडईत डोकावलो, मग गंगावेशीला दूधकट्ट्यावर गेलो. म्हशी समोर उभ्या आणि पुढ्यात काढलेले फेसाळ दूध ग्लासात. नातवाला मिशा आल्या दुधाच्या. असा दिवस गोड गेला आणि आम्ही मुक्कामाच्या खोलीवर आलो.

रात्री दोन वाजता

उत्सवाच्या दिवसांत मंदिराच्या आसपास लॉजमध्ये जागा मिळणे कठीण. एका जुन्या वाड्यात खोली मिळाली. घरधनीण सत्तरीच्या पुढच्या. मुलगा नोकरीला दूर गेलेला, म्हणून वाड्यातल्या तीन खोल्या त्या येणाऱ्या भाविकांना भाड्याने देतात. सारवल्यासारखी स्वच्छ जमीन, दारात रांगोळी, तांब्याचा हंडा घासून लख्ख. आत चार लाकडी पलंग, त्यांवर कापसाच्या गाद्या आणि धुतलेल्या चादरी. आम्ही हातपाय धुऊन आडवे झालो ते झोपलोच.

रात्री दोनच्या सुमाराला नातू उठून बसला. "आजी, खाजतंय." बहिणीने हात लावून पाहिले तर मानेवर आणि दंडावर गांधी उठलेल्या, तीन-चार एका रांगेत. मी मोबाईलची बॅटरी लावली आणि गादीची शिवण उलटी केली. जे पाहायचे ते दिसले. तुरीच्या डाळीपेक्षा थोडा लहान, चपटा, तांबूस-तपकिरी किडा उजेडापासून दूर पळत होता. शिवणीवर शाईचे थेंब उडावेत तसे काळे ठिपके, पांढुरक्या कातींचे तुकडे, आणि पलंगाच्या खाचेत तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी अंडी. हे ढेकूण होते.

दाजींचा पारा चढला. "पैसं मोजून घेतलंत आणि पोराला ढेकणाच्या तोंडी दिलंत व्हय?" असे ते दारातूनच बोलले. घरधनीण जागी होऊन आल्या. दिव्याच्या उजेडात त्यांनी गादी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "काय सांगू साहेब, दिवाळीपासून होऊ लागलेत. रोज चादर धुते. पण जाईनात." मग त्या आत गेल्या आणि फळीवरून एक बाटली घेऊन आल्या. थंड पेयाची प्लास्टिकची बाटली, वरचा कागद काढलेला, आत पिवळसर पातळ पदार्थ. "मागं एक पाव्हणं आलं होतं, शेतकरी होतं. त्यांनी दिलं. म्हणाले, शेतातलं जालीम औषध हाय, पाण्यात घालून गादीवर शिंपडा, एक ढेकूण राहणार न्हाई. उद्या शिंपडणार होते. तुमी म्हणत असला तर आत्ता शिंपडते."

वाचकहो, त्यांनी बूच फिरवले आणि तो उग्र वास खोलीत पसरला. तो वास मला चांगला ओळखीचा. मी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली, बूच घट्ट लावले आणि बाहेर नेऊन उंबऱ्यापासून लांब ठेवली. माझे हात थरथरत होते. दाजींनी विचारले, "पाव्हणं, एवढं काय झालं?" त्या वेळी मी काही बोललो नाही. तुम्हांला मात्र आज सांगतो.

माझी चूक

नोकरीला लागून मला तीन-चार वर्षे झाली होती. एका गावात देवळाच्या ओसरीवर ऊसकिडीवर सभा चालली होती. शेवटी एका शेतकऱ्याने हात वर केला. "साहेब, उसाला आणलेलं औषध उरलंय. घरात ढेकणाला चालंल का?" मी तरुण होतो, टाळ्यांची सवय लागली होती. मी हसून म्हणालो, "उसातली कीड मरते, मग ढेकूण काय वरचा आहे?" सभा हसली. मीही हसलो आणि मोटारसायकलला किक मारली.

आठ दिवसांनी कळले. त्या शेतकऱ्याने ते औषध पाण्यात कालवून कुंचल्याने बाजा आणि गाद्या पुसून घेतल्या होत्या. रात्री त्याच्या दोन लहान मुली त्याच गादीवर झोपल्या. पहाटे उलट्या, तोंडाला फेस, अंग घामाने चिंब, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कुणाची तरी जीप मिळाली, सरकारी दवाखाना वेळेत गाठला, आणि देवाच्या आणि डॉक्टरांच्या कृपेने पोरी वाचल्या. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो शेतकरी माझ्यासाठी चहा आणायला उठला. "तुम्हीच सांगितलं होतं," असे तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरे झाले असते.

शेतातल्या बऱ्याचशा कीडनाशकांचे काम किड्याच्या मज्जातंतूंवर चालते, आणि माणसाचे मज्जातंतूही त्याच रीतीने चालतात. शेतात फवारताना वारा असतो, आभाळ असते, फवारून आपण घरी येतो. तरीही २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, हे तुम्ही ऐकले आहे. मग बंद खोलीत, गादीत मुरलेल्या विषावर उघड्या अंगाने आठ तास झोपणाऱ्या लेकराचे काय होईल? डब्यावरचा तिकोनी रंग पाहा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम आहे. त्या कागदावर पीक आणि कीड लिहिलेली असते. गादी हे पीक कुठल्याही डब्यावर लिहिलेले नाही. पूर्वी घराघरांत ढेकणाला वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस आणि उसात टाकले जाणारे फोरेट, या दोन्हींवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. घरात कुठे जुने शिल्लक असेल तर ते "कामाला येईल" म्हणून ठेवू नका.

धान्यात ठेवायच्या गोळ्यांबद्दल तर हात जोडून सांगतो. अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीतून हवेच्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. ढेकूण मारण्यासाठी खोलीत अशा गोळ्या ठेवल्याने, शेजारच्या खोलीत झोपलेली माणसेसुद्धा गेली आहेत. ढेकूण रक्त पितो, झोप मोडतो, खाज आणतो. पण ढेकणाच्या चाव्यातून माणसाला रोग होतो असे आजवर आढळलेले नाही. जीव जातो तो त्याच्यावर काढलेल्या औषधाने. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरते.

शत्रूची ओळख

पिकावरची कीड ओळखल्याशिवाय आपण फवारणी करत नाही. ढेकणाचेही तसेच आहे. तो उडत नाही, उडी मारत नाही. चालत येतो, आणि पिशवी, वळकटी, जुने फर्निचर यांतून प्रवास करतो. दिवसा सांदीकोपऱ्यात दडतो, रात्री आपल्या श्वासाच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर येतो, पाच-दहा मिनिटे रक्त पिऊन परत जातो. मादी आयुष्यभरात शेकडो अंडी घालते. ती उबदार हवेत आठ-दहा दिवसांत फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकून मोठे होते आणि प्रत्येक वेळी त्याला रक्त लागते. पोटाला मिळाले नाही तरी तो काही महिने तग धरतो. म्हणून खोली महिनाभर बंद ठेवली की ढेकूण उपाशी मरतील, हा समज खोटा आहे.

दुसरा खोटा समज असा, की ढेकूण घाणीत होतात. ढेकणाला घाण लागत नाही, माणूस लागतो. २०२३ साली पॅरिससारख्या शहरात, ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी, ढेकणांनी हलकल्लोळ माजवला होता. तेव्हा आपल्या वा दुसऱ्याच्या घरात ढेकूण निघाला तर लाज धरण्याचे कारण नाही. लाजेपायी माणूस लपवतो, आणि लपवले की वाढतात.

तिसरी गोष्ट औषधाची. आमची आई सांगायची, की हिवतापाची डीडीटी फवारणी गावात आली तेव्हा पहिल्यांदा ढेकूण पटापट मेले, पुढे मात्र जुमानेनात. ते खरेच होते. १९४७ सालीच हवाई बेटांवर पर्ल हार्बरच्या नौदलाच्या बराकीत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले होते. आज दुकानात मिळणाऱ्या फवाऱ्यांनाही ते बऱ्याच ठिकाणी सरावलेले आहेत. बोंडअळीचे जे झाले तेच यांचे.

मग करायचे काय?

ढेकूण एका गोष्टीला सरावत नाही, ती म्हणजे उष्णता. पन्नास अंशांच्या पुढची उष्णता त्याच्या अंगाला भिडली की काही मिनिटांत मोठे ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. त्या रात्री आम्ही पिशव्या उचलल्या, कपडे झटकले आणि वाड्याच्या सोप्यात फरशीवर चटई टाकून पडलो. नातवाच्या गांधी साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवली. सकाळी मी घरधनीणबाईंना म्हटले, "मावशी, दोन मोठी पातेली पाणी चढवा." दाजी कोपऱ्यात गप्प बसले होते. पाणी उकळल्यावर तेच उठले आणि पलंग अंगणात ओढू लागले.

पलंग मोकळे करून प्रत्येक खाचेत, सांध्यात, खिळ्याच्या भोकात किटलीने उकळते पाणी ओतले. लांबून शिंपडून उपयोग नाही, पाणी वाटेत निवते. पोरांना लांब ठेवले आणि विजेच्या बटणांजवळ पाणी जाऊ दिले नाही. चादरी, उशांचे अभ्रे हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवले. गादीच्या शिवणींवर ताठ दाताचा ब्रश फिरवला, पडलेले सारे गोळा करून उकळत्या पाण्यात टाकले. लाकूड वाळल्यावर भेगा लांबीने बुजवायला सांगितले. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे, चादर जमिनीला टेकणार नाही अशी, आणि चारही पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत.

गादी उन्हात टाकण्याबद्दल एक खुलासा. नुसती उन्हात टाकलेली गादी वरून तापते आणि ढेकूण खालच्या सावलीत जाऊन बसतात. उन्हाळ्यात काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, फरशीवर दिवसभर उलटीसुलटी केली तर आतली उष्णता कामाला येते. हिवाळ्याच्या उन्हावर मात्र विसंबू नका. फार पोखरलेली गादी असेल तर ती नीट बांधून, "ढेकूण आहेत" असे लिहून टाकून द्या, नाहीतर दुसरा गरजू ती उचलून घरी नेतो.

आणि हे सारे एकदा करून भागत नाही. राहिलेली अंडी फुटतात. दर आठवड्याला एकदा, असे सहा-सात आठवडे करावे लागते. एवढे करूनही हटले नाहीत तर परवाना असलेल्या कीड नियंत्रणवाल्याला बोलवा, कोणते औषध आणि किती वेळ खोलीबाहेर राहायचे ते विचारून घ्या. रॉकेल ओतून पलंग पुसण्याची जुनी रीतही सोडा. त्याने घर पेटलेले मी पाहिले आहे.

पाहुणे म्हणून जाताना

कोल्हापूर हे दुसऱ्याच्या लेकरांना आसरा देणारे गाव. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जातीजातींची, धर्माधर्मांची वसतिगृहे या शहरात उभी राहिली. खेड्यातली किती पोरे इथल्या पथाऱ्यांवर झोपून शहाणी झाली! मी स्वतः भाड्याच्या खोलीत चार वर्षे काढली, आणि तिथेही ढेकूण होतेच. जिथे माणसे येतात-जातात तिथे हा प्राणी येणारच. आपण फक्त सावध राहायचे.

खोली मिळाली की आधी पिशव्या खाली ठेवू नका. दाराशी ठेवून पाच मिनिटे गादीची शिवण, उशीची कड, पलंगाचे डोके आणि भिंतीची भेग बॅटरीने पाहा. काळे ठिपके दिसले तर भांडण न करता खोली बदलून मागा, लगतची सोडून. पिशवी रात्री खुंटीला टांगा, तोंड बांधून. घरी परतल्यावर पिशव्या अंगणातच रिकाम्या करा, कपडे थेट गरम पाण्यात टाका, पिशवीच्या शिवणी तपासा. आणि कुणाला चुकून विषबाधा झालीच तर उघड्या हवेत आणा, कपडे काढून अंग साबणाने धुवा, ओकारी काढत बसू नका, १०८ ला फोन लावा आणि औषधाचा डबा बरोबर न्या.

त्या बाटलीवर मी मोठ्या अक्षरांत "विष" लिहिले, ती कुलपात ठेवली आणि कोल्हापुरातल्या एका सहकाऱ्याला बोलावून रीतसर विल्हेवाटीसाठी दिली. गटारीत ओतली असती तर ती पंचगंगेलाच गेली असती. निघताना दाजींनी भाड्याचे पैसे पुढे केले. मावशी घेईनात. दाजी म्हणाले, "घ्या मावशी. ढेकूण तुमी पाळलं न्हाईत. आणि ती बाटली आमच्यातल्याच कुणीतरी आणून दिली."

जानेवारीत मावशींचा फोन आला. पाणी ओतण्याचा क्रम त्यांनी एकही आठवडा चुकवला नव्हता. शेवटचे तीन आठवडे चादरीवर एक ठिपका नाही. "नातवाला घेऊन या," म्हणाल्या. आम्ही जाणार आहोत.

तोवर तुम्ही एक करा. हा अंक खाली ठेवला की उठून माळ्यावर, गोठ्यात, देवळीत नजर टाका. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले, कागद नसलेले औषध सापडले तर ते आजच पोरांच्या हाताबाहेर, कुलपात ठेवा आणि आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला कळवा. आणि कुणी पाहुणा ढेकणावर औषध मागायला आला, तर त्याला उकळत्या पाण्याची किटली दाखवा, बाटली देऊ नका.